लिनक्स सर्व्हरचे बिऱ्हाड हलवताना: ३२ बिटवरून ६४ बिटवर किंवा एआरएमवर, एकही नोंद न गमावता

किनारपट्टीवरच्या अनेक कचेऱ्यांत, मग ती मच्छीमार सोसायटी असो, पतसंस्था असो की आंब्याची पेढी, टेबलाखाली एक जुना टॉवर दहा-बारा वर्षे अखंड चालू असतो. त्यावर ३२ बिटचे डेबियन किंवा उबंटू (लिनक्सचे दोन प्रचलित प्रकार), आणि त्यात सभासदांची खाती, डिझेलच्या पावत्या, वजनाच्या नोंदी. तो बदलण्याची वेळ आता आली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही (सिस्टमचा गाभा) नाही. उबंटूने हे दार २०१९ मध्येच लावून घेतले. शिवाय ३२ बिटचा काळमोजणीचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला संपतो. हे दूरचे वाटते, पण पंधरा वर्षांच्या फेडीचे कर्ज आज मंजूर केले तर त्याचा शेवटचा हप्ता त्या तारखेपलीकडे जातो, आणि तो हप्ता काढणारा प्रोग्राम आजच चुकू शकतो.

आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरची जात, बदलताना जुनी सिस्टम उचलून नव्या मशिनवर ठेवता येत नाही. एआरएमवर (इंटेल-एएमडीहून वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर) तर जुन्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, बूटच होणार नाही, कारण तिच्यातली प्रत्येक बायनरी (चालवायला तयार प्रोग्राम) दुसऱ्या प्रोसेसरसाठी बनलेली आहे. ३२ वरून ६४ बिटवर जाताना चालू सिस्टममध्येच एकेक पॅकेज बदलत नेण्याची क्रॉसग्रेड नावाची रीत डेबियनमध्ये आहे. ती जमते, पण मधेच लायब्ररींचा मेळ तुटला की मशिन अर्धवट अवस्थेत अडकते, आणि तेच एकुलते एक मशिन असेल तर मागे फिरायला वाट उरत नाही. म्हणून आमचा सल्ला सरळ आहे: क्रॉसग्रेडच्या वाटेला जाऊ नका. नवे मशिन कोरे उभे करा, त्यावर सिस्टम ताजी बसवा आणि जुन्यावरून फक्त माहिती आणा, तीही कुठल्याही प्रोसेसरला वाचता येईल अशा रूपात. नव्यावर पुढच्या ३१ मार्चचा ताळेबंद लागेपर्यंत जुन्यावरचे काहीही पुसायचे नाही.

पुढे कमांडची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. पर्याय टाइप करताना मोठे आणि छोटे अक्षर सांभाळा; मोठा ए आणि छोटा ए यांचे काम वेगवेगळे आहे.

दिवस कोणता धरावा

३१ मार्चच्या आसपास हे काम काढू नका. आंब्याच्या पेढीला मार्च ते मे श्वास घ्यायला फुरसत नसते. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जूनला बंद झाली की सोसायटीला सवड मिळते, पण नेमका तेव्हाच पाऊस लागतो आणि लाइटचा भरवसा राहत नाही. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस विजा घेऊन येतात. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालून अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय नवे मशिन भिंतीतल्या सॉकेटला लावू नका. दिवाळी उरकल्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ या कामाला सर्वांत बरा.

विजेचा हिशेब आधी कागदावर मांडा. जुना टॉवर १२० वॉट, नवे मशिन ४०, स्विच १०, असा १७० वॉटचा भार धरा. छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॉट-तास. या भाराला ती वीस मिनिटेही जेमतेम टिकते. शेवटच्या कॉपीला दोन तास लागणार असतील तर मोठ्या बॅटरीचा यूपीएस भाड्याने आणा. घरगुती इन्व्हर्टर लाइट गेल्यावर बॅटरीवर जायला जो क्षणभर वेळ घेतो, तेवढ्यात सर्व्हर रीस्टार्ट होऊ शकतो.

जुन्या मशिनची झडती

आधी मशिन खरोखर कोणत्या आर्किटेक्चरचे आहे ते बघा. यूनेम उणे छोटा एम ही कमांड कर्नलचे आर्किटेक्चर सांगते. कर्नल ६४ बिट आणि वरची सगळी पॅकेजेस ३२ बिट, अशी जोडी जुन्या मशिनवर अनेकदा सापडते. म्हणून पॅकेजेस सांभाळणाऱ्या डीपीकेजीला प्रिंट-आर्किटेक्चर विचारा. तेच उत्तर खरे माना. प्रोक फोल्डरमधल्या सीपीयूइन्फो फाइलमध्ये फ्लॅगच्या ओळीत एलएम ही दोन अक्षरे दिसली तर प्रोसेसर मुळातच ६४ बिटचा आहे. तरीसुद्धा त्याच मशिनवर पुन्हा इन्स्टॉल करू नका. मशिन कमी असेल तर निदान नवी डिस्क घाला आणि जुनी काढून जपून ठेवा.

मग यादी करा, आणि ती छापून हातात ठेवा. कुठल्या सेवा कुठल्या पोर्टवर ऐकत आहेत हे एसएस कमांडने मिळते. हाताने बसवलेली पॅकेजेस एपीटी-मार्कच्या शोमॅन्युअलने मिळतात. प्रत्येक वापरकर्त्याचा क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) वेगवेगळा बघा, नुसता रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, बघून थांबू नका: रात्रीचे व्याज आकारणारी किंवा पावत्यांचा गोषवारा मेल करणारी ओळ कुणा एका वापरकर्त्याच्या नावावर असते आणि महिनाअखेरीला तिची आठवण येते. सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीचे टायमरही लिहून घ्या. मूळ पॅकेजपेक्षा बदललेल्या कॉन्फिग फाइल्स डेबसम्स या साधनाने एकत्र दिसतात. यूएसआर-लोकल, ऑप्ट आणि एसआरव्ही ही तीन फोल्डरे डोळ्यांनी चाळा. कुणीतरी पूर्वी हाताने टाकलेले सगळे तिथेच असते.

त्यानंतर डिस्कची तब्येत. डिस्कच्या स्वतःच्या नोंदी वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल या कमांडने चार आकडे बघायचे: क्रमांक ५, १९७, १९८ आणि १९९. पहिल्या तिघांत शून्याखेरीज काही असेल तर डिस्क थकली आहे आणि घाई केली पाहिजे. १९७ मध्ये आकडा असेल तर साधी कॉपी मधेच अडकेल; अशा डिस्कवरून डीडीरेस्क्यूने आधी पूर्ण इमेज काढा आणि पुढचे काम त्या इमेजवर करा. १९९ मात्र डिस्कचा दोष सहसा नसतो. तो केबलचा असतो. खाऱ्या हवेने साटा केबलच्या आणि रॅमच्या पिना काळवंडतात, संपर्क तुटक होतो आणि हा आकडा वाढत राहतो. केबल बदलल्यावर तो कमी होत नाही, नुसता थांबतो. थांबला म्हणजे केबल हेच कारण होते. पण केबल बदलायला मशिन बंद करावे लागते, आणि इथे एक धोका आहे: वर्षानुवर्षे अखंड फिरलेली डिस्क एकदा थंड झाली की पुन्हा फिरेलच असे नाही. आधी पूर्ण प्रत, मगच स्विच बंद.

पहिली प्रत

दोन बाहेरच्या डिस्क घ्या आणि दोन्ही ईएक्सटी-४ या लिनक्सच्या फाइल पद्धतीत फॉरमॅट करा. दुकानातून आणलेली डिस्क तशीच वापरली तर फॅट किंवा एक्सफॅटवर फाइलचा मालक, गट, परवानग्या काहीच टिकत नाही, आणि फॅट-३२ वर ४ जीबीहून मोठी डंप फाइल (डेटाबेसमधून काढलेली सगळी माहिती) मावतच नाही. प्रत घेतल्यावर ती परत काढता येते का ते दुसऱ्या संगणकावर करून बघा. परत काढून न बघितलेल्या प्रतीवर आम्ही भरवसा ठेवत नाही.

एक डिस्क दुसऱ्या गावी गेली पाहिजे. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ रायगड आणि दापोली-मंडणगडच्या बाजूला कितीतरी दिवस अंधार करून गेले. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरचे सारे बुडाले. मूळ मशिन आणि त्याची प्रत एकाच तळमजल्यावर असतील तर पुरात दोन्ही एकदमच जातात. डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि तिच्यावर सभासदांची माहिती आहे म्हणून लक्सने (लिनक्सची डिस्क कूटबद्ध करण्याची सोय) कुलूपबंद करा. लक्सची डिस्क कुठल्याही आर्किटेक्चरच्या लिनक्सवर उघडते.

माहितीचे तीन ढीग

सगळ्या कामाचा कणा इथे आहे. जुन्या मशिनवरची प्रत्येक गोष्ट तीनपैकी एका ढिगात टाकायची.

पहिला ढीग तसाच नेण्याचा: मजकूर, फोटो, पीडीएफ, स्प्रेडशीट, मेलडिर पद्धतीचे मेल, गिटची भांडारे. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची फाइलही इथेच, कारण तिचे रूप सगळ्या प्रोसेसरवर एकच असते. मात्र प्रोग्राम चालू असताना ती नुसती कॉपी करू नका. तिच्या शेजारी डब्ल्यूएएल नावाची दुसरी फाइल असते आणि ताज्या नोंदी तिच्यात असू शकतात. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप कमांड वापरा.

दुसरा ढीग डंप करून नेण्याचा: पोस्टग्रेस आणि मारियाडीबी हे डेटाबेस, ओपनएलडॅप ही वापरकर्त्यांची सूची, आलेखांच्या आरआरडी फाइल्स, पर्लच्या स्टोरेबलने लिहिलेल्या फाइल्स. ओपनएलडॅपच्या पोटातला एलएमडीबी हा साठा ३२ बिटवर लिहिला तर ६४ बिटवर वाचला जात नाही. स्लॅपकॅटने मजकुरात काढून स्लॅपअ‍ॅडने भरा. आरआरडी जुन्या मशिनवर एक्सएमएलमध्ये काढा आणि नव्यावर रिस्टोअर करा.

याच ढिगात सर्वांत फसवी चीज असते: कुणी पूर्वी सी भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम आणि त्याची डेटा फाइल. समजा प्रत्येक नोंदीत सभासद क्रमांक हा चार बाइटचा पूर्णांक आणि रक्कम हा आठ बाइटचा अपूर्णांक आहे. ३२ बिटच्या लिनक्सवर ही नोंद १२ बाइटची होते. ६४ बिटवर कंपायलर रकमेला आठच्या पटीतली जागा देतो, मधे चार बाइट मोकळे सोडतो आणि नोंद १६ बाइटची होते. तोच प्रोग्राम नव्यावर कंपाइल करून जुनी फाइल उघडली तर पहिला सभासद क्रमांक बरोबर दिसतो, रक्कम पहिल्याच नोंदीपासून चुकते, आणि प्रोग्राम कुठलीही तक्रार करत नाही. अशी फाइल जुन्या मशिनवरच, जुन्याच प्रोग्रामने सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुरात) काढून घ्या. दुसरा उपाय शोधत बसू नका.

तिसरा ढीग न नेण्याचा: यूएसआर, लिब, बूट, सगळे कॅशे, पायथनची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, नोडची मॉड्यूल्स, डव्हकॉट या मेल सर्व्हरचे इंडेक्स. हे सगळे नव्यावर नव्याने तयार होते.

नवे मशिन उभे करताना

पैसे परवडत असतील तर साधे ६४ बिट इंटेल किंवा एएमडीचे मशिन घ्या. छपाईपासून वजनकाट्यापर्यंत सगळे त्यावर विनासायास चालते. एआरएम घ्यावे ते वीज कमी लागते आणि पंख्याविना चालते म्हणून. खाऱ्या हवेत पंखा नसणे हा मोठा गुण आहे, कारण पंखाच मीठ आणि ओल आत ओढतो.

रास्पबेरी पाय ५ सारखा बोर्ड घेतलात तर तीन गोष्टी सांभाळा. डेटा एसडी कार्डावर ठेवू नका, एसएसडी लावा, आणि पुरवठा ५ व्होल्ट ५ अँपिअरचाच द्या. दुसरे, त्याच्या नेहमीच्या कर्नलमध्ये मेमरीचे पान १६ केबीचे असते, आणि जेमॅलॉक लायब्ररी ४ केबी धरून बांधलेले काही प्रोग्राम पानाचा आकार चालत नाही असे सांगून बंद पडतात. कॉन्फिग फाइलमध्ये कर्नल-८ ही इमेज निवडली की पान ४ केबीचे होते. तिसरे म्हणजे घड्याळ. पाय ४ वर घड्याळच नाही. पाय ५ वर आहे पण त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते. आपल्याकडे लाइट जाते तेव्हा ब्रॉडबँडही जाते. लाइट परत आली, इंटरनेट अजून नाही, आणि बोर्ड मागची वेळ धरून सुरू झाला, की सकाळच्या पावत्यांवर आदल्या रात्रीची तारीख पडते. बॅटरी लावा किंवा डीएस-३२३१ चे घड्याळ जोडा.

इन्स्टॉल करण्याआधी एक रात्र मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवा. एआरएमवर मेमटेस्टर आहे. दोन डिस्क रेड-१ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती. टाइमझोन आशिया-कोलकाता. वापरकर्ते आणताना जुनी पासवर्ड फाइल नव्यावर कधीही टाकू नका: १००० च्या खालचे क्रमांक सिस्टमच्या सेवांचे असतात आणि दोन मशिनवर ते वेगळे पडतात. १००० पासून पुढच्या माणसांच्या ओळी तेवढ्या जोडा, त्याच क्रमांकांसह. इटीसी हे कॉन्फिग फाइल्सचे फोल्डरही तसेच ओतू नका. ते रूटच्या घरात जुने-इटीसी म्हणून ठेवा आणि एकेक फाइल शेजारी शेजारी उघडून बदल उतरवा. एसएसएच या दुरून जोडण्याच्या सोयीच्या होस्ट की (मशिनची ओळख) मात्र तशाच आणा, म्हणजे लोकांच्या स्क्रीनवर धोक्याची सूचना येणार नाही. नेटवर्क कार्डाचे नाव बदललेले असेल, डिस्कचे यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदललेले असतील. जुनी एफएसटॅब (कोणती डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) आणली तर मशिन बूट होताना अडकते.

डेटाबेस

पोस्टग्रेसचे डेटा फोल्डर ३२ बिटवरून उचलून ६४ बिटवर ठेवले तर ते सुरूच होत नाही. डेटाबेसच्या फाइल्स या सर्व्हरशी जुळत नाहीत असे पोस्टग्रेस स्पष्ट सांगते. हे बरेच म्हणायचे. ६४ बिट इंटेलवरून ६४ बिट एआरएमवर कदाचित ते सुरू होईलही, आणि तो जास्त मोठा धोका आहे: दोन्हीकडच्या जीलिबसीत (सिस्टमच्या मूळ लायब्ररीत) शब्दांचा क्रम वेगळा असेल तर इंडेक्स आतून बिघडतात आणि असलेला सभासद शोधल्यावर सापडत नाही. दोन्ही बाबतींत डंपच घ्या.

नव्या मशिनवरच्या पीजी-डंपने जुन्या सर्व्हरला जोडून डंप घ्यायचा. नवा डंप प्रोग्राम जुन्या आवृत्तीला ओळखतो, उलटे होत नाही. भूमिका (डेटाबेसचे वापरकर्ते) आणि पासवर्ड एकेका डेटाबेसच्या डंपमध्ये येत नाहीत, म्हणून पीजी-डंपऑलला ग्लोबल्स-ओन्ली सांगून ते वेगळे काढा. भरण्याआधी नव्यावर मराठीचे लोकेल (भाषेची सेटिंग) तयार आहे का बघा. जुना डेटाबेस एमआर-आयएन यूटीएफ-८ वर बनलेला असेल आणि नव्यावर ते लोकेल नसेल, तर डेटाबेस तयार होण्याच्या पहिल्याच पायरीवर रिस्टोअर थांबते. भरून झाल्यावर अ‍ॅनालाइझ चालवा, नाहीतर पहिल्या दिवशी प्रत्येक अहवाल रांगत चालेल आणि दोष नव्या मशिनवर येईल.

मारियाडीबीत काम न थांबवता एकसंध डंप घेणारा सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय फक्त इनोडीबी या प्रकारच्या टेबलांना लागू पडतो. जुन्या कचेरीत मायआयसॅम या जुन्या प्रकारची टेबले हमखास असतात. त्यांच्यासाठी सगळी टेबले कुलूपबंद करूनच डंप घ्या. रूटीन आणि इव्हेंट हे पर्याय मुद्दाम द्यावे लागतात. मायएसक्यूएल नावाचा आतला डेटाबेस नव्या आवृत्तीवर ओतू नका, वापरकर्ते शो ग्रँट्सने काढून नव्याने लिहा.

मराठी नावांचा घोळ इथेच होतो, म्हणून थोडे थांबून बघू. बारा-पंधरा वर्षांपूर्वीची बरीच टेबले लॅटिन-१ (युरोपीय भाषांचा जुना अक्षरसंच) म्हणून बनली, आणि प्रोग्रामने त्यांत यूटीएफ-८ चे (सगळ्या लिपींचा अक्षरसंच) बाइट भरले. तिथे सगळे ठीक दिसत होते, कारण भरणारा आणि वाचणारा दोघेही सारखेच चुकत होते. डंप घेताना मात्र डेटाबेस शहाणपणा करतो, लॅटिन-१ समजून पुन्हा रूपांतर करतो, आणि प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी वर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए आणि चार पाय फुटलेले वर्तुळ उमटते. तपासणी सोपी आहे. गावाच्या रकान्यातली मालवण ही नोंद घ्या आणि तिची कॅर-लेंग्थ (किती चिन्हे) व लेंग्थ (किती बाइट) विचारा. म, काना, ल, व, ण मिळून पाच. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचे. उत्तर ५ आणि १५ आले तर रकाना निरोगी आहे. १५ आणि १५ आले तर लॅटिन-१ च्या टेबलात यूटीएफ-८ भरले आहे: डंप घेताना डिफॉल्ट कॅरेक्टर सेट लॅटिन-१ द्या, सेट-कॅरसेटची ओळ गाळायला सांगा, डंपमधल्या टेबलांच्या व्याख्येत लॅटिन-१ च्या जागी यूटीएफ-८-एमबी-४ करा आणि तोच संच सांगून भरा. १५ आणि ३० आले तर नोंद आधीच दुहेरी रूपांतरित झालेली आहे आणि ती उलट फिरवावी लागेल. हे जुन्या मशिनवर, स्थलांतराच्या आठवडाभर आधी तपासा. रात्री दोन वाजता हे कोडे सुटत नाही.

फाइल्स

आरसिंक ही कॉपीची कमांड नव्या मशिनवरून चालवा, म्हणजे माहिती ओढून घ्या. जुन्यावरून ढकलू नका. दिशा चुकली आणि डिलीट हा पर्याय चालू असला तर रिकामे फोल्डर भरलेल्यावर फिरते. पर्याय असे: छोटा ए, मोठा एच, मोठा ए, मोठा एक्स आणि न्यूमेरिक-आयडीज. मोठा एच हार्ड लिंक जपतो, मोठा ए एसीएल (जादा परवानग्या) आणि मोठा एक्स विस्तारित गुणधर्म. स्रोताच्या नावाअखेर तिरकी रेघ असली तर फोल्डरातली सामग्री येते, नसली तर फोल्डरच आत जाऊन बसते. छोटा एन आणि छोटा आय देऊन कोरडी फेरी (प्रत्यक्ष कॉपी न करता) घ्या आणि यादी वाचा.

डिलीट पर्याय फक्त शेवटच्या फेरीत वापरा, आणि त्याआधी जुनी डिस्क खरोखर माउंट (सिस्टमला जोडलेली) आहे का ते बघा. माउंट नसेल तर आरसिंकला रिकामे फोल्डर दिसते आणि तो इमानाने नव्यावरचे सगळे पुसतो.

वेळेचा अंदाज आधीच बांधा. ४०० जीबी माहिती १०० मेगाबिटच्या जुन्या स्विचमधून सेकंदाला साडेअकरा एमबीच्या आसपास जाते, म्हणजे दहा तास. दोन मशिन एका कॅट-५ई केबलने थेट जोडली आणि दोन्हीकडे गिगाबिट असले तर तेच काम तासाभरात होते. लाखभर बारीक फाइल्स असतील तर दुप्पट धरा. जुन्या प्रोसेसरला एसएसएचचे कूटलेखन जड जाते. चाचा-२० हा सायफर निवडला तर वेग सुधारतो. पहिली मोठी फेरी कामकाज चालू असताना आठवडाभर आधी करून टाका. बदलाच्या रात्री फक्त फरक येतो.

प्रोग्राम आणि उपकरणे

फाइल या कमांडने यूएसआर-लोकल आणि ऑप्टमधल्या बायनरी तपासा. ईएलएफ ३२ बिट असे जे जे दिसेल त्याचा सोर्स शोधा. सोर्स हरवला असेल तर ६४ बिट इंटेलवर मल्टिआर्कने ३२ बिट लायब्ररी बसवून तो प्रोग्राम चालवता येतो. एआरएमवर क्यूईएमयूच्या नकलेवर चालेल, पण संथ. डॉकर वापरत असाल (प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासह डब्यात बांधून चालवण्याची सोय), तर त्याच्या इमेजला एआरएमची आवृत्ती आहे का ते आधी मॅनिफेस्टमध्ये बघा. नसेल तर एक्झेक फॉरमॅट एरर एवढेच तीन शब्दांचे उत्तर येते.

न दिसणारे फरक जास्त त्रास देतात. इंटेलवर सी भाषेतला कॅर उणे संख्या धरतो, एआरएम लिनक्सवर धरत नाही. कॅरमध्ये उणे एक ठेवून तुलना करणारा जुना प्रोग्राम एआरएमवर लूपमधून बाहेरच पडत नाही. कंपाइल करताना साइन्ड-कॅर हा पर्याय द्या. पीएचपीत ३२ बिटवर क्रमांक १२८ पासून पुढचे आयपी पत्ते आयपी-टू-लाँगमधून उणे संख्या होऊन येतात, ६४ बिटवर धन. सीआरसी-३२ चेही तेच. जुन्या टेबलात उणे आकडे साठलेले असतील तर नवा शोध त्यांना जुळणार नाही. त्यात ४२९४९६७२९६ मिळवून घ्या, आणि रकान्याचा प्रकार बिगइंट आहे ना तेही बघा.

वजनकाटा जुन्या मशिनच्या सिरीयल पोर्टला लावलेला असतो, नव्यावर तो यूएसबी कन्व्हर्टरने येतो आणि त्याचे नाव बदलते. उपकरणांना नावे देणाऱ्या यूडेव्हचा नियम लिहून त्याला वजनकाटा असे कायमचे नाव द्या, नाहीतर पेन ड्राइव्ह काढून घातल्यासारखा कन्व्हर्टर हलला की नाव पुन्हा बदलते. प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीने फक्त इंटेलसाठी दिला असेल तर एआरएमवर तो चालणार नाही. खरेदीच्या आधी हे तपासा.

ताळा

आरसिंकने संपले म्हटले म्हणजे सगळे आले असे नाही. तो नेहमी आकार आणि वेळ एवढेच ताडतो. शेवटी त्याच पर्यायांना छोटा सी, छोटा एन आणि छोटा आय जोडून एक फेरी घ्या, म्हणजे प्रत्येक फाइलचा आतला मजकूर तपासला जातो आणि काही हलवले जात नाही. यादी रिकामी आली पाहिजे. डेटाबेसमध्ये प्रत्येक टेबलाच्या ओळी मोजा, आणि त्याहून महत्त्वाचे, रकमांची बेरीज करा: ठेवींची एकूण, कर्जाची एकूण, चालू वर्षाची जमा आणि नावे. दोन्ही मशिनचे तेरीज पत्रक छापून शेजारी ठेवा.

ओळी तंतोतंत जुळल्या पण एकूण बेरीज एखाद्या पैशाने चुकली, तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. ३२ बिट इंटेलवर अपूर्णांकांची गणिते ८० बिटच्या रुंदीत होत होती, ६४ बिटवर ती ६४ बिटमध्ये होतात. रकमा फ्लोट किंवा डबलमध्ये ठेवल्या असतील तर शेवटच्या अंकात फरक पडतो. माहिती हरवलेली नाही, पण पैसे अपूर्णांकात ठेवणे ही मूळ चूक उघडी पडली. तो रकाना डेसिमल करून घ्या.

बदलाची रात्र

शनिवार संध्याकाळ धरा. बाहेरून येणारे पत्ते असतील तर डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा तो काळ) आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणा. सात वाजता सगळ्यांना बाहेर काढून जुन्यावरच्या सेवा बंद करा आणि मास्क करा, म्हणजे रीस्टार्ट झाले तरी त्या आपोआप उठणार नाहीत. क्रॉनही थांबवा, मध्यरात्रीचे व्याज दोन्ही मशिनवर आकारले गेले तर निस्तरणे अवघड. मग शेवटचा डंप, शेवटची आरसिंक, भरणे, ताळा. जुन्याचा आयपी पत्ता बदलून नव्याला तो द्या, राउटरमधल्या आरक्षणात नवा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) टाका. प्रत्येक खिडकीवरून एक चाचणी पावती फाडा, छापा, रद्द करा.

परत फिरण्याची वेळ आधीच ठरवा, समजा रविवारी दुपारी बारा. तोवर ताळा लागला नाही तर जुने मशिन सुरू करून सोमवारचे काम त्यावरच करायचे. सोमवारी नव्यावर पहिली खरी नोंद पडली की मागे फिरणे सोपे राहत नाही. म्हणून पहिले दोन दिवस प्रत्येक व्यवहार कच्च्या किर्दीत पेनानेही लिहा. मागे यायची वेळ आलीच तर त्या नोंदी जुन्यावर हाताने भरता येतील.

जुन्या मशिनची डिस्क काढून, तारीख लिहून, सिलिका जेलसह हवाबंद पिशवीत ठेवा. निदान पुढच्या ३१ मार्चचा ताळेबंद नव्यावर लागेपर्यंत ती पुसू नका. आणि नव्या मशिनचा रोजचा बॅकअप पहिल्याच रात्रीपासून सुरू झाला आहे ना, ते मंगळवारी सकाळी त्यातली एक फाइल परत काढून बघा.